चित्र काढलं म्हणून दुःख हलकं होत नाही

पिंपरी-चिंचवडमध्ये वाचनाविषयी बोलणं निघालं की एक आक्षेप हमखास ऐकू येतो, आणि तो घेणारी माणसं उथळ नसतात. त्यांत शिक्षक असतात, ग्रंथालयांचे कार्यकर्ते असतात, स्वतः लिहिणारेही असतात. फाळणी, महामारी, युद्ध असले विषय चित्रकथेत आणू नयेत, असं त्यांचं म्हणणं. चौकटी आखून माणसांच्या तोंडाशी फुगे काढले की मरण स्वस्त होतं, भोगलेल्यांचा अपमान होतो, आणि मुलं ते गंमत म्हणून चाळतात. असल्या गोष्टी गद्याने सांगाव्यात, फार तर छायाचित्राने. मला हे म्हणणं मुळातूनच चूक वाटतं. आपल्या शहरापुरतं तर ते नुकसान करणारं आहे, म्हणून सविस्तर उत्तर द्यायचं ठरवलं आहे.

चित्रकथा म्हणजे मुलांचा खाऊ, इथून हा आक्षेप सुरू होतो. केइजी नाकाझावा सहा वर्षांचे होते तेव्हा, ६ ऑगस्ट १९४५ रोजी, त्यांच्या हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला. शाळेच्या भिंतीच्या आडोशामुळे ते वाचले. वडील, बहीण आणि धाकटा भाऊ घराखाली अडकून गेले. पुढे १९६६ मध्ये आई वारली. दहनानंतर राखेत हाडंसुद्धा धड उरली नव्हती. तोवर बॉम्बविषयी न बोलणारा हा चित्रकार त्या संतापातून बोलू लागला. १९७२ मध्ये त्याने ‘मी ते पाहिलं’ ही छोटी चित्रमय आठवण लिहिली, आणि १९७३ पासून ‘बेअरफूट गेन’ ही लांब मालिका. ही मालिका सुरू झाली ती मुलग्यांच्या साप्ताहिकात. जळत्या घराखाली अडकलेला बाप, कातडी लोंबत चाललेली माणसं, हे सगळं जपानमधल्या शाळकरी मुलांनी वाचलं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, गेनचा बाप युद्धाविरुद्ध बोलतो म्हणून शेजारीपाजारी त्या घराला देशद्रोही ठरवतात, हेही त्यांनी वाचलं. मुलांसाठी काढलेलं चित्र पोकळ असतं, असं या पुस्तकानंतर कुणी म्हणू नये.

‘हलकी’ म्हणून ज्यांची हेटाळणी होते त्या चित्रांची सत्तेला वाटलेली भीती तर आपल्याच देशात दिसली आहे. १९४३च्या बंगालमधल्या दुष्काळात चित्रकार चित्तप्रसाद मेदिनीपूर जिल्ह्यात पायी फिरले, उपाशी माणसांची रेखाटनं केली, जवळ त्यांची नावं-गावं लिहिली आणि ‘हंग्री बेंगॉल’ ही पुस्तिका काढली. इंग्रज सरकारने तिच्या प्रती जप्त करून जाळल्या. त्या काळात वर्तमानपत्रांत दुष्काळाविषयी गद्य मजकूरही येत होताच. जाळावीशी वाटली ती काळ्या शाईतली ही चित्रं. हे चित्तप्रसाद पुढे कित्येक वर्षं मुंबईत, अंधेरीला राहिले, तेव्हा हा वारसा महाराष्ट्रापासून फार दूरचा नाही. आणि ज्यांना हा प्रकारच परका वाटतो त्यांनी सिंधुदुर्गातल्या पिंगुळीला जावं. तिथले ठाकर चित्रकथी पिढ्यान्‌पिढ्या रंगवलेली पानं एकामागून एक समोर धरत रामायण-महाभारतातली युद्धं गाऊन सांगत आले. श्रोत्यांना त्यात अपमान दिसला नाही.

आता खरा आक्षेप. छायाचित्र हा पुरावा असतो, कागदपत्र हा पुरावा असतो. चित्र मात्र कुणाच्या तरी हाताने काढलेलं, म्हणजे कल्पनेचं. शोकांतिकेच्या बाबतीत कल्पनेला जागा नको. या म्हणण्यात काळजी आहे आणि तिचा मी आदर करते. पण चांगल्या चित्रमय आत्मकथनात हीच काळजी पानावर दिसते, हे आक्षेप घेणारे बहुधा पाहत नाहीत. आर्ट स्पीगलमनच्या ‘माउस’मध्ये बाप व्लाडेक आउश्वित्झच्या छळछावणीतल्या आपल्या आठवणी मुलाला सांगतो. कैदी कामावर निघताना दाराशी वाद्यवृंद वाजत असे, असं मुलाने वाचलेलं असतं. बाप म्हणतो, वाद्यवृंद मला आठवत नाही. स्पीगलमन काय करतो? तो आधी वाद्यवृंद काढतो. मग बापाच्या नकारानंतरच्या चौकटीत कैद्यांची रांग अशी काढतो की वादक तिच्यामागे झाकले जातात, वाद्यांची टोकं तेवढी वर दिसतात. कागदपत्राचं म्हणणं आणि साक्षीदाराचं म्हणणं, दोन्ही एकाच पानावर; आणि दोन्हींमधलं अंतर वाचकाच्या डोळ्यांसमोर. गद्यात हे तळटिपेत गेलं असतं. याच पुस्तकाला न्यूयॉर्क टाइम्सने कादंबऱ्यांच्या यादीत बसवलं तेव्हा स्पीगलमनने हरकत घेतली, आणि ते ललितेतर यादीत हलवलं गेलं. १९९२ मध्ये त्याला पुलित्झरचं विशेष पारितोषिक मिळालं. जो सॅकोने ‘फुटनोट्स इन गाझा’मध्ये १९५६च्या नोव्हेंबरमधल्या हत्यांची चौकशी करताना म्हाताऱ्यांच्या एकमेकांशी न जुळणाऱ्या आठवणी शेजारीशेजारी काढल्या आणि कुठे जुळत नाहीत ते उघड सांगितलं. काढणाऱ्याचा हात लपवता येत नाही, हीच या प्रकाराची प्रामाणिक बाजू आहे. छायाचित्रामागेही हात असतोच. कॅमेरा कुठे उभा राहिला, चौकटीबाहेर काय ठेवलं, हे तिथे दिसत नाही एवढंच.

इराणच्या मार्जान सात्रापीच्या ‘पर्सेपोलिस’मधलं एक पान मी अनेकांना दाखवलं आहे. वरच्या चौकटीत इराण-इराक युद्धातली कोवळी पोरं सुरुंगांच्या स्फोटात हवेत उडाली आहेत. प्रत्येकाच्या गळ्यात स्वर्गाची म्हणून दिलेली प्लास्टिकची किल्ली आहे. खालच्या चौकटीत त्याच वयाची मार्जान आणि तिचे मित्रमैत्रिणी तेहरानमध्ये पार्टीत नाचताहेत, आणि त्यांचे हातपाय तसेच हवेत फेकलेले आहेत. दोन्ही चौकटी नजरेत एकाच वेळी येतात. खालच्या घरात पैसा आहे, वरच्या पोरांकडे नव्हता. हे शब्दांपेक्षा त्या दोन चौकटीच जास्त सांगून जातात. हे दुःख हलकं झालं असं ज्याला वाटतं, त्याने ते पान पुन्हा बघावं.

पण मी हा वाद मांडते आहे तो जपान-इराणच्या पुस्तकांसाठी नाही. आपल्या शहराच्या पोटात ज्या गोष्टी न सांगता पडून आहेत, त्यांच्यासाठी.

पिंपरी-चिंचवडची गोष्ट आपण कारखान्यांपासून सुरू करतो. १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, मग आकुर्डी, चिंचवड, भोसरी, मग १९७०ची नगरपालिका, १९८२ची महानगरपालिका, मग चाकण. प्रत्येक स्मरणिकेत हाच क्रम. पण चिमण्यांच्या धुराआधी पिंपरीत माणसं येऊन पडली होती ती सिंधमधून. पिंपरी कॅम्प हे नाव आपण रोज घेतो. कपडे घ्यायला, घरातली वस्तू घ्यायला जातो, पण तो कॅम्प कशाचा, हे दुकानासमोर उभ्या असलेल्या तरुणाला विचारा. पुष्कळदा सांगता येत नाही. दुकानदाराच्या नातवालाही थोडंच ठाऊक असतं. फाळणी म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पंजाब येतो, प्रेतांनी भरलेल्या आगगाड्या येतात. सिंधी हिंदूंची फाळणी तशी झाली नाही. ६ जानेवारी १९४८ला कराचीत दंगल झाली आणि त्यानंतर निघणाऱ्यांची रीघ लागली. पुष्कळ जण बोटीने मुंबईला आले. मग निर्वासितांच्या छावण्या, बराकी, रेशनच्या रांगा, नव्या भाषेच्या मुलखात दारोदार माल विकणं. पंजाबचा आणि बंगालचा काही भाग तरी भारतात राहिला. सिंधचा एकही जिल्हा राहिला नाही. नंदिता भवनानी यांच्या ‘द मेकिंग ऑफ एक्झाइल’मध्ये आणि पुण्यातल्या साझ अगरवाल यांच्या ‘सिंध’मध्ये हे काळजीपूर्वक नोंदलं गेलं आहे. दोन्ही पुस्तकं इंग्रजीत आहेत. पिंपरी कॅम्पच्या गल्लीत ती कितींनी पाहिली असतील?

या दुःखाला चित्र का हवं, ते नीट समजून घ्यायला हवं. इथे रक्ताची मोठी दृश्यं कमी आहेत. आहे ते बारीकसारीक. घराला कुलूप लावून किल्ली शेजाऱ्याकडे देणं. अंगणाचा आकार. बोटीवर घेता आलेलं सामान आणि न घेता आलेलं. बराकीत दोन कुटुंबांच्या मधे टांगलेलं पोत्याचं कापड. म्हाताऱ्या माणसाला घर आठवतं ते असं: जिना कुठे होता, चूल कुठे, खिडकीतून काय दिसायचं. लिहायला सांगितलं तर तो चार ओळींत थांबतो. पेन्सिल हातात दिली आणि नकाशा काढायला सांगितला तर तासभर बोलतो. आणि लिहिलेलं असलं तरी वाचणार कोण? त्या पिढीची सिंधी अरबी वळणाच्या लिपीत होती. नातवंडं मराठी किंवा इंग्रजी शाळेत गेली. घरात आजोबांची वही असली तरी नातवाला तिच्यातलं अक्षर लागत नाही, आणि शेजारच्या मराठी घराला तर नाहीच नाही. व्लाडेकने बायकोच्या वह्या जाळून टाकल्या म्हणून ‘माउस’मध्ये मुलगा बापावर संतापतो. आपल्याकडे वह्या न जाळताच मुक्या होत चालल्या आहेत. आजीने सांगितलेलं नातवाने काढलेलं चित्र मात्र तिन्ही पिढ्यांना आणि शेजाऱ्यालाही कळेल. विश्वज्योती घोष यांनी संपादित केलेल्या ‘धिस साइड, दॅट साइड’मध्ये भारत, पाकिस्तान आणि बांगलादेशातल्या लेखक-चित्रकारांनी २०१३ मध्ये फाळणीच्या गोष्टी अशाच चित्रांतून मांडल्या. पिंपरी कॅम्पची स्वतःची अशी एखादी चित्रकथा माझ्या पाहण्यात आलेली नाही.

इथे दुसरा आक्षेप येतो आणि तो जास्त टोकदार असतो: जुन्या जखमा उघडू नका. फाळणीची चित्रं काढाल तर द्वेष वाढेल. आजच्या हवेत ही भीती खोटी नाही. पण द्वेष कशावर पोसला जातो ते पाहा. ‘त्यांनी आपल्याला हाकललं’ एवढ्या वाक्यावर तो पोसला जातो, कारण त्या वाक्यात माणूसच नाही. एका घराची गोष्ट तपशिलात सांगितली की हे वाक्य टिकत नाही. सिंधी कुटुंबांच्या आठवणींत घाबरवणारा जमाव असतो, तसाच मध्यरात्री सामान बंदरापर्यंत पोचवणारा मुसलमान शेजारीही असतो. गेनच्या गोष्टीत बॉम्ब टाकणारा अमेरिकन आहे. पण कोरियन शेजाऱ्याला हीन वागवणारे जपानीही आहेत, युद्धाचा जयजयकार करणारे शिक्षकही आहेत. म्हणूनच हे पुस्तक तिथल्या राष्ट्रवाद्यांना सलतं. २०२३ मध्ये हिरोशिमाच्याच शिक्षण मंडळाने ते शांतता-शिक्षणाच्या साहित्यातून काढून टाकलं. जखम झाकून ठेवली की तिचं काय करायचं ते दुसराच कुणीतरी ठरवतो, आणि तो कुणी आजीची आठवण विचारायला येत नाही.

चिंचवडकडे वळते, कारण इथला आक्षेप वेगळा आहे. चाफेकर बंधूंची आठवण तर आपण जपलीच आहे, चौकात शिल्पं आहेत, वाडा आहे, मग आणखी चित्रं कशाला? शिल्प आपलं काम करतं. ते त्या क्षणाला उंच करतं: २२ जून १८९७ची रात्र, गणेशखिंडीचा रस्ता, रँड आणि आयर्स्ट या इंग्रज अधिकाऱ्यांवरचा गोळीबार. पण त्या क्षणाच्या आधी पुण्यात काय झालं होतं? प्लेग होता. घरोघर शिरणारे गोरे सैनिक होते, रोगी म्हणून उचलून नेलेली माणसं, विलगीकरणाच्या छावण्या, जाळलेलं सामान, बायकांची उघड्यावर तपासणी. शिल्पात हे मावत नाही. आणि दामोदर चाफेकरांनी कैदेत असताना लिहिलेलं आत्मवृत्त आपल्याकडे आहे. म्हणजे आत्मकथन आहेच, कच्चं, पहिल्या पुरुषात, फाशीच्या सावलीत लिहिलेलं. त्यात शौर्य आहे, तसा सुधारकांवरचा पराकोटीचा राग आहे, त्यांना मारहाण केल्याच्या कबुल्या आहेत, मुंबईतल्या राणीच्या पुतळ्याला डांबर फासल्याची हकीकत आहे. कीर्तनकाराच्या घरातली ही मुलं कशी घडली, कशी कठोर झाली, हे त्यात दिसतं. आपण त्यातला गोळीबार घेतला आणि बाकीचं कपाटात ठेवलं. १८ एप्रिल १८९८ला दामोदर, आणि १८९९च्या मे महिन्यात चार दिवसांच्या अंतराने वासुदेव आणि बाळकृष्ण. त्यांच्या मधल्या दिवशी त्यांचा साथीदार महादेव रानडे. एका आईबापांचे तीन मुलगे फासावर गेले. मागे घरातल्या बायकांचं काय झालं असेल ते चौकातल्या शिल्पाला विचारता येत नाही. नचिकेत आणि जयू पटवर्धन यांच्या १९७९च्या ‘२२ जून १८९७’ या चित्रपटाने या काळाला घाईने देव्हाऱ्यात न बसवता पाहिलं होतं. तेच काम चित्रकथा करू शकते, आणि थांबून, मागे जाऊन, पुन्हा पाहण्याची मोकळीक वाचकाला देऊ शकते.

आक्षेप घेणाऱ्यांच्या मनात चित्रकथा म्हणजे बहुतेक वेळा अमर चित्र कथा असते, हे मी जाणते. १९६७ पासून तिने कित्येक मुलांना वाचायला लावलं, पण तिच्यात नायक गोरापान आणि निःशंक असतो. तिच्या साच्यात प्लेग घातला तर तो खोटा होईल, हे मला मान्य आहे. पण सगळी चित्रकथा त्या साच्याची नाही. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांनी ‘भीमायन’मध्ये (२०११) डॉ. आंबेडकरांना बालपणी नाकारलं गेलेलं पाणी, मसूरच्या स्टेशनवरून निघालेली बैलगाडी, बडोद्यातली हाकलपट्टी हे सगळं चौकटी मोडून काढलं. मऊ बोलण्याचे फुगे पक्ष्याच्या आकाराचे. विषारी बोलण्याच्या फुग्यांना विंचवाची नांगी. ज्या देहू रोडला बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ला बुद्धमूर्ती बसवली, तिथली मुलं हे पुस्तक हातात घेतात तेव्हा त्यांना कुणी ‘हा प्रकार हलका’ असं सांगावं, हे मला सहन होणार नाही.

आणि सगळ्यात ताजी गोष्ट, जिचे साक्षीदार आपणच आहोत. ज्या प्लेगने चाफेकर घडवले, त्याच प्लेगसाठी ४ फेब्रुवारी १८९७ला साथरोग कायदा झाला. मार्च २०२०मध्ये महाराष्ट्राने तोच कायदा पुन्हा लावला. २५ मार्चपासून टाळेबंदी. चाकण, भोसरी, तळवड्याची यंत्रं थांबली. आठ-आठ जणांनी भाड्याने घेतलेल्या खोल्यांत बिहारचा, ओडिशाचा, बुलढाण्याचा, लातूरचा कंत्राटी कामगार अडकला. ठेकेदाराचा फोन लागेना. मग माणसं चालत निघाली. ८ मे रोजी जालन्याहून निघालेले सोळा मजूर करमाडजवळ रुळांवर मालगाडीखाली गेले आणि विखुरलेल्या पोळ्यांचं छायाचित्र देशाने पाहिलं. ते छायाचित्र खरं आहे, अतिशय आवश्यक आहे. पण ते सगळं संपल्यानंतरचं आहे. ती माणसं रात्रभर काय बोलत चालली, रुळावर बसायचं कुणी ठरवलं, हे वाचलेले सोबतीच सांगू शकतात.

आपल्या पट्ट्यातले तसे सोबती आजही कामावर आहेत. त्यांच्यापैकी कुणाला कॅमेऱ्यासमोर उभं करून पाहा. तो बोलणार नाही. ठेकेदार बघेल, उद्याचा गेटपास जाईल. लेखी मुलाखत द्यायला त्याची मराठी अपुरी, आपली भोजपुरी किंवा ओडिया अपुरी. चित्रकार त्याचा चेहरा बदलू शकतो, कंपनीची पाटी पुसू शकतो, आणि तरीही खोलीतल्या आठ गाद्या, मोबाइलवर येणारे घरचे फोन, नाशिक रस्त्याची दुपार जशीच्या तशी ठेवू शकतो. काश्मीरच्या मलिक साजादने ‘मुन्नू’मध्ये (२०१५) आपल्या माणसांना हंगुल हरणांची तोंडं दिली, त्यामुळे त्यांची वेदना कमी माणसाची झाली नाही. साक्षीदाराला सुरक्षित ठेवून साक्ष नोंदवण्याचं हे साधन आहे, आणि ज्या शहरात पुष्कळसं काम कंत्राटावर चालतं तिथे त्याची गरज कुणाला समजावून सांगावी लागू नये.

‘आपल्याकडे वाचक कुठे आहे’ हा शेवटचा प्रश्न मी फार वेळ घेऊन सोडवणार नाही. हास्यचित्रांवर दिवाळी अंक विकत घेणाऱ्या, शि. द. फडणीसांचं शब्द नसलेलं चित्र पाहून पोट धरून हसणाऱ्या मराठी वाचकाला रेषा वाचता येते. त्याला त्याच रेषेतून दुःखही वाचता येईल.

आक्षेप घेणाऱ्या शिक्षकांना आणि ग्रंथालयवाल्यांना माझं सांगणं सरळ आहे. तुम्हीच हे करू शकता. पिंपरीच्या शाळेत सिंधी, मराठी आणि बिहारी मुलं एकाच बाकावर बसतात. त्यांना सुट्टीत एक काम द्या: घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला त्याचं जुनं घर विचारा आणि काढा. चांगलं काढणाऱ्या मुलाला चित्रकलेच्या शिक्षकांनी चौकटींत मांडायला शिकवावं. महापालिकेच्या ग्रंथालयांत ‘माउस’, ‘पर्सेपोलिस’, ‘भीमायन’, ‘मुन्नू’ आणि ‘बेअरफूट गेन’ बालविभागाच्या कपाटात कोंबू नका. इतिहासाच्या कपाटात ठेवा. आणि हे या वर्षी करा. सिंध सोडताना जे मूल दहा वर्षांचं होतं, ते आता नव्वदीला टेकलं आहे.